बायथलॉनचा अख्खा सीझन कसा फॉलो करायचा, अगदी शून्यापासून

बायथलॉन म्हणजे स्की आणि रायफल. पाठीवर कमीत कमी साडेतीन किलोची रायफल घेऊन बर्फात सुटायचं, मधेच रेंजवर (नेमबाजीच्या जागेवर) यायचं, ५० मीटरवरची पाच टार्गेटं पाडायची आणि परत जीव तोडून पळायचं. एखादी रेस बघून मजा येतेच, पण खरी गोडी आहे ती वर्ल्ड कपच्या पूर्ण सीझनची, नोव्हेंबर संपता संपता सुरू होतो तो थेट मार्चच्या उत्तरार्धापर्यंत. टप्प्याटप्प्याने कसं शिरायचं ते सांगतो, आणि उदाहरणाला २०२४-२५ चा सीझन घेतो कारण नवीन माणसाला समजावायला त्याच्याइतका चांगला सीझन मला तरी आठवत नाही.

पहिलं काम, कॅलेंडर

साल्झबुर्गजवळ ऑफिस असलेली आयबीयू, म्हणजे इंटरनॅशनल बायथलॉन युनियन, सीझनच्या आधीच पूर्ण वेळापत्रक देते. ते फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून घ्या. २०२४-२५ ला सुरुवात फिनलंडच्या कोंटिओलाहतीला झाली, मग ऑस्ट्रियात होखफिल्त्सेन, फ्रान्समध्ये ल ग्रां-बोर्नां, नाताळची सुट्टी, जानेवारीत जर्मनीतलं ओबरहोफ आणि रुहपोल्डिंग, मग इटलीतलं आंथोल्झ. फेब्रुवारीत स्वित्झर्लंडच्या लेन्झरहाइडेला वर्ल्ड चॅम्पियनशिप, आणि मार्चमध्ये चेकियातलं नोवे मेस्टो, स्लोव्हेनियातलं पोक्ल्युका आणि शेवट नॉर्वेत, ऑस्लोच्या होल्मेनकोलेनला. दरवर्षी एखाददुसरं गाव बदलतं पण साचा साधारण हाच राहतो.

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळ एकदम सोयीची आहे. मध्य युरोप आपल्या साडेचार तास मागे, त्यामुळे तिथली दुपारी अडीचची रेस आपल्याकडे संध्याकाळी सातला लागते, फिनलंडला साडेतीन तासांचाच फरक. व्हिडिओ कुठे दिसेल ते दरवर्षी नव्याने बघून घ्या, पण आयबीयूच्या ॲपवर लाइव्ह रिझल्ट येतात, प्रत्येकाचे किती नेम चुकले, किती सेकंद मागे आहे वगैरे सगळं, आणि फक्त तेवढ्यावरसुद्धा रेस रंगते.

मग दोनच प्रकार शिका

सगळे प्रकार एकदम डोक्यात घालू नका. स्प्रिंट आणि पर्सूट एवढे दोन आले की बाकीचे आपोआप कळतात.

स्प्रिंटमध्ये पुरुष १० किलोमीटर, बायका साडेसात, सगळे थोड्या थोड्या अंतराने एकेक करून सुटतात. दोनदा शूटिंग, आधी झोपून मग उभं राहून. जितके नेम चुकतील तितक्या १५० मीटरच्या पेनल्टी लूप (शिक्षेच्या जादा फेऱ्या) मारायच्या, म्हणजे प्रत्येक चुकीला वीस-पंचवीस सेकंद गेले.

पर्सूटला स्प्रिंटमधले पहिले ६० जण येतात आणि स्प्रिंटमध्ये जितक्या सेकंदांनी मागे होते तितक्याच उशिराने सुटतात. म्हणून जो पुढे दिसतो तोच खरोखर पुढे असतो, मनात कुठला हिशोब करत बसावा लागत नाही. इथे शूटिंग चार वेळा, दोनदा झोपून आणि दोनदा उभं राहून. माझं मत विचाराल तर नवीन माणसाने सुरुवात पर्सूटपासूनच करावी.

बाकीचं थोडक्यात. मास स्टार्टला ३० जण एकदम सुटतात. इंडिव्हिज्युअल हा सगळ्यात जुना आणि लांब प्रकार, त्यात लूप नाही तर चुकलेल्या प्रत्येक नेमाला सरळ एक मिनिट वाढतं (छोट्या इंडिव्हिज्युअलला ४५ सेकंद). रिलेमध्ये प्रत्येक शूटिंगला पाच गोळ्यांबरोबर तीन जादा मिळतात, पण त्या हाताने एकेक भरायच्या, थंडीने बोटं आखडलेली असताना.

रेंज बघायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण रेस इथेच फिरते. खेळाडू येतो तेव्हा ठोके मिनिटाला १६०-१७० च्या घरात असतात. तो काठ्या सोडतो, रायफल पाठीवरून काढतो, मॅटवर झोपतो, पट्टा दंडाला अडकवतो, बाजूच्या झेंडीकडे एक नजर टाकतो. वारा बदललाय असं वाटलं तर साइटचे (रायफलवरच्या नेम धरायच्या भागाचे) एकदोन क्लिक फिरवतो. रायफल पॉइंट टू टू ची, दुर्बीण नाही, नुसत्या भोकातून बघायचं. पाच गोळ्या मारून हे सगळं साधारण अर्ध्या मिनिटात आटपतं.

आता एक गोष्ट जी टीव्हीवर कळत नाही. काळा गोल दोन्ही वेळा सारखाच दिसतो, पण झोपून मारताना फक्त मधला ४५ मिलिमीटरचा भाग धरला जातो, म्हणजे लिंबाएवढा, आणि उभं राहून मारताना पूर्ण ११५ मिलिमीटर. तरीसुद्धा चुका उभ्यानेच जास्त होतात कारण टेकू कशाचाच नसतो, पाय थरथरत असतात आणि श्वास थांबेपर्यंत शेजारच्या लेनवाल्याचे तीन पडलेले असतात. शेवटच्या उभ्या शूटिंगला पहिली गोळी कोण किती वेळ रोखून धरतोय ते बघत चला, घाई कुणाला झालीय ते तिथेच दिसतं. ओबरहोफला धुकं आणि वारा नेहमीचाच, तिथे भलेभले तीन-चार चुकवतात, त्यामुळे एका खराब रेसवरून कुणाबद्दल मत बनवू नका.

पॉइंट्सची वही ठेवा

जिंकणाऱ्याला ९०, दुसऱ्याला ७५, तिसऱ्याला ६५, असं उतरत चाळिसाव्याला १. रिलेचे पॉइंट वैयक्तिक टेबलात धरत नाहीत, आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपचेही आता धरत नाहीत. एकूण टेबलात पुढे असलेल्याच्या अंगावर पिवळं बिब (नंबर लिहिलेली बंडी), त्या त्या प्रकारात पुढे असलेल्याला लाल. शेवटी जो वर राहतो त्याला क्रिस्टल ग्लोब, म्हणजे सीझनची ट्रॉफी.

सगळ्यांचा हिशोब ठेवायला जाऊ नका, चार-पाच नावं निवडा आणि प्रत्येक रेसनंतर त्यांचा नंबर, चुकलेले नेम आणि पॉइंट एवढंच लिहा. महिन्याभरात वही बोलायला लागते, हा झोपून पक्का आहे पण उभ्याने हमखास एक सोडतो, ही स्कीवर मागे पडते पण नेम सोडत नाही, असं स्वतःचं स्वतःला दिसायला लागतं.

२०२४-२५ ला तर ही वही फार कामी आली. जानेवारीतच नॉर्वेच्या योहानस थिंगनेस बोने जाहीर केलं की सीझन संपला की मी थांबणार, पाच ग्लोब जिंकलेला माणूस. तरी तो शेवटपर्यंत लढतीत होता आणि ग्लोब गेला त्याच्याच टीममधल्या स्टुर्ला होल्म लेग्रेइडकडे. बायकांमध्ये जर्मनीची फ्रांझिस्का प्रॉइस आणि फ्रान्सची लू जाँमोनो, दोघींचा फैसला होल्मेनकोलेनच्या अगदी शेवटच्या रेसपर्यंत लागला नव्हता. प्रॉइसला हा ग्लोब पहिल्यांदाच मिळाला, वयाच्या ३१ व्या वर्षी, इतक्या वर्षांच्या आजारपणांनंतर. टेबल नुसतं वाचून हे पोचत नाही, चार महिने एकेक पॉइंट लिहिलेला असला की त्या शेवटच्या शूटिंगला आपलेही हात गार पडतात.

मधे कंटाळा आला तर

जानेवारीत सलग तीन आठवडे रेस असतात, तेव्हा सगळं बघायचा हट्ट नको. इंडिव्हिज्युअलचे नुसते रिझल्ट बघा, पण पर्सूट आणि रिले सोडू नका. आंथोल्झ मात्र आवर्जून बघा, साधारण १६०० मीटर उंचीवरचं मैदान आहे, विरळ हवेत सुरुवातीला जोर लावणारे शेवटच्या चढावर अक्षरशः थांबतात. २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकचं बायथलॉन इथेच ठेवलं होतं.

आणि मार्च संपला की वहीच्या मागच्या पानावर पुढच्या वर्षीसाठी नावं काढून ठेवा. निळं बिब हे तरुण खेळाडूंमध्ये पुढे असलेल्याचं, तिथून दोन नावं घ्या, एखाददुसरं खालच्या आयबीयू कपमधून उचला, कारण बोसारखी माणसं थांबली की ती जागा घ्यायला याच यादीतलं कुणीतरी येतं.