अमेरिकेत कॉलेज ट्रान्सफर: अर्ज कसा भरायचा आणि निकालापर्यंत काय करत बसायचं

एरवी दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात, पण ट्रान्सफरचा (म्हणजे एका कॉलेजातून मध्येच दुसऱ्या कॉलेजात जायचा) अर्ज टाकला की मार्च ते जून दोन दगडांवरच उभं राहायचं असतं हे आधीच सांगून ठेवते. मी दोनदा केलंय हे प्रकरण. पहिल्या वर्षाच्या स्प्रिंगमध्ये (जानेवारीत सुरू होणाऱ्या सेमिस्टरमध्ये) सहा ठिकाणी अर्ज टाकले, सहाही ठिकाणांहून नकार. दुसऱ्या वर्षी सात टाकले, दोन होकार आले, त्यातल्या एका ठिकाणी मी आता आहे. त्यामुळे खाली जे लिहितेय त्यातलं निम्मं तरी आधी चुकून मग शिकलेलं आहे.

सगळ्यात आधी एक भ्रम काढून टाक. ट्रान्सफर म्हणजे बारावीनंतर हुकलेल्या कॉलेजची पुरवणी परीक्षा नाही. मी पहिल्या वेळी नेमकं तेच समजून बसले होते, जुनाच निबंध थोडा घासूनपुसून पाठवला, आणि तिकडे वाचणाऱ्याला एका मिनिटात कळलं असणार की या मुलीला फक्त मोठं नाव हवंय. फ्रेशमनच्या (थेट पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या) वेळी प्रश्न असतो तू कोण आहेस. ट्रान्सफरच्या वेळी प्रश्न असतो की आत्ता जिथे आहेस तिथे काय केलंस, काय संपलं, आणि पुढचं जे हवंय ते आमच्याकडेच का. या तिसऱ्या भागाचं उत्तर नसेल तर फी भरू नकोस, खरंच.

आता जागा किती असतात ते बघ, कारण यादी करताना सगळी गफलत इथेच होते. हार्वर्ड वर्षाला साधारण डझनभर ट्रान्सफर घेतं, अर्ज हजाराच्या वर. येल स्वतःच सांगतं की हजाराहून जास्त अर्ज येतात आणि जागा २० ते ३०. प्रिन्स्टनने तर १९९० पासून ट्रान्सफर घेणंच बंद केलेलं, ते २०१८ मध्ये परत सुरू केलं आणि तेही मोजकेच. पण याच देशात कॉर्नेल दरवर्षी काहीशे मुलं घेतं, यूएससी (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) हजाराच्या वर घेतं, आणि यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कॅम्पसेसची तर रचनाच अशी आहे की दोन फ्रेशमनमागे एक ट्रान्सफर यावा, राज्याच्या उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनपासून चालत आलेलं धोरण आहे ते. म्हणजे 'टॉपचं कॉलेज' ही एकच पेटी नाहीये, दोन कॉलेजांचं नाव तेवढंच मोठं असलं तरी एकाचं दार फटीएवढं उघडं असतं आणि दुसऱ्याचं अर्धं. प्रत्येक कॉलेजचा 'कॉमन डेटा सेट' नावाचा डॉक्युमेंट नेटवर सापडतो, त्यात ट्रान्सफरचे किती अर्ज आले, किती घेतले, किती जण खरंच गेले हे आकडे दिलेले असतात. यादी त्यावरून कर, रँकिंगवरून नको.

यूसीचं गणित वेगळं आहे म्हणून वेगळं सांगते. तिथे मुख्यतः ज्युनिअर (तिसऱ्या वर्षाचे) म्हणून घेतात, म्हणजे ६० सेमिस्टर युनिट्स (कोर्सचे क्रेडिट) किंवा ९० क्वार्टर युनिट्स झालेले हवेत, आणि घेतलेल्यांतले बहुतेक जण कॅलिफोर्नियाच्याच कम्युनिटी कॉलेजमधले (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजमधले) असतात. किमान जीपीए (ग्रेड्सची सरासरी, ४ पैकी) रहिवाशांना २.४ आणि बाहेरच्यांना २.८, पण हे कागदावरचं, बर्कली किंवा यूसीएलएला कॉम्प्युटर सायन्ससाठी २.८ घेऊन गेलीस तर काय होणार ते तुलाही माहितीये. कम्युनिटी कॉलेजमध्ये असशील तर 'टॅग' (ट्रान्सफर अॅडमिशन गॅरंटी) करारावर अर्ज करता येतो, अटी पूर्ण केल्या तर प्रवेश पक्का, आणि आपल्यासारख्या एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांनाही चालतो. तो डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रुझ या सहा ठिकाणी आहे, एकच कॅम्पस निवडायचा, आणि तो फॉर्म सप्टेंबरमध्येच भरायचा असतो, मुख्य अर्ज नोव्हेंबरअखेर. कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या यूसीत धरला जातो हे असिस्ट नावाच्या साइटवर कळतं, ती साइट बघितल्याशिवाय कोर्स रजिस्टर करणाऱ्यांबद्दल मला फार वाईट वाटतं. आणि हो, अर्ज गेल्यावर जानेवारीत फॉलचे (नुकत्याच संपलेल्या सेमिस्टरचे) ग्रेड्स टाकायचा अपडेट असतो, तो विसरलेली दोन मुलं मी स्वतः पाहिलीयेत.

बाकी प्रायव्हेट कॉलेजेसचं बहुतेक सगळं कॉमन अॅपवर (अनेक कॉलेजेसना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) होतं. तारखा साधारण मार्चच्या आसपास, हार्वर्ड, येल १ मार्च, स्टॅनफर्ड, कॉर्नेल १५ मार्च, यूएससी त्याआधीच फेब्रुवारीत, पण दरवर्षी ज्या त्या कॉलेजच्या पेजवर तारीख बघायचीच, माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

आता कागदपत्रं. इथे लोकांचा जीव जातो, निबंधात नाही. कॉलेज ट्रान्सक्रिप्ट लागतो, शाळेचा ट्रान्सक्रिप्टही लागतो (हो, परत, बारावी भारतात झाली असेल तर मार्कशीट), आणि दोन फॉर्म असे आहेत जे फ्रेशमनला नसतात. एक 'कॉलेज रिपोर्ट', त्यात तुझ्या सध्याच्या कॉलेजचा अधिकारी लिहून देतो की ही मुलगी इथे आहे, हिच्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही वगैरे. दुसरा 'मिड-टर्म रिपोर्ट', म्हणजे चालू सेमिस्टरच्या प्रत्येक प्रोफेसरकडे जाऊन आत्तापर्यंतचा ग्रेड लिहून सही घ्यायची. अख्ख्या प्रक्रियेतला सगळ्यात अवघड क्षण हाच असं माझं प्रामाणिक मत आहे, कारण ज्या माणसाच्या वर्गात बसतेस त्यालाच सांगायचंय की मी तुमचं कॉलेज सोडायचं बघतेय. लाजू नकोस, त्यांनी शेकडो वेळा सही केलेली असते. माझा कॉलेज रिपोर्ट एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फिरत राहिला, हा फॉर्म नक्की कोण भरतं हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं, शेवटी मी स्वतः प्रिंट घेऊन तीन मजले फिरले आणि डेडलाइनच्या आदल्या दिवशी तो गेला. म्हणून जानेवारीतच एक साधा मेल टाक, 'ट्रान्सफरचा कॉलेज रिपोर्ट आपल्याकडे कोण भरतं?' एवढाच.

शिफारसपत्रं सहसा एक-दोन प्रोफेसरांची लागतात (यूसीला सहसा लागतच नाहीत). इथे सल्ला एकच, ए ग्रेड देणाऱ्यापेक्षा तुला ओळखणाऱ्याकडून घे. तीनशे मुलांच्या लेक्चरमध्ये ए मिळाला तर ते प्रोफेसर लिहिणार काय, 'हजर होती'? मला सगळ्यात चांगलं पत्र मिळालं ते बी प्लस दिलेल्या बाईंकडून, कारण मी दर आठवड्याला त्यांच्या ऑफिस अवर्सना जाऊन डोकं खात होते. महिनाभर आधी विचार, सोबत तुझा निबंधाचा मसुदा आणि त्यांच्या वर्गात केलेलं एखादं काम पाठव, म्हणजे त्यांना आठवायला सोपं जातं.

आणि निबंध. 'मला का बदलायचंय' हा प्रश्न दिसला की हात आपोआप तक्रारीकडे जातो. कॉलेज लहान आहे, मुलं सिरियस नाहीत, वीकेंडला सगळे पार्टी करतात. असं रडगाणं लिहिलं की वाचणारा विचार करतो, उद्या हीच मुलगी आमच्याबद्दल पण असंच लिहील. त्याऐवजी कामाची साखळी दाखव. समज तुला भाषा आणि कॉम्प्युटर दोन्हीत रस आहे, कॉलेजमध्ये त्यावर एकच कोर्स होता तो केलास, मग प्रोफेसरना धरून एक इंडिपेंडंट स्टडी केलास, त्यातून एक प्रश्न निघाला आणि आता त्याच्या पुढे इथे शिकवणारं कुणी नाही. हे वाचल्यावर 'का बदलायचंय' वेगळं सांगावंच लागत नाही. नव्या कॉलेजबद्दल लिहिताना पण 'जागतिक दर्जाची फॅकल्टी' असलं काही नको, कोर्स कॅटलॉग उघड, पुढच्या दोन वर्षांत कुठले कोर्स घेशील ते खरंच मांडून बघ, त्यातून आपोआप दोन ओळी निघतात ज्या दुसऱ्या कुठल्याच कॉलेजला चिकटवता येत नाहीत. घरचं कारण असेल, पैशाचं असेल, तब्येतीचं असेल तर तेही सरळ लिही, लपवायचं काही नाही, फक्त अभ्यासाचं कारण सोबत असू दे.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. पहिल्या वर्षात अर्ज केलास तर हातात कॉलेजचं एकच सेमिस्टर असतं, त्यामुळे शाळेचे मार्क आणि असल्यास एसएटी (प्रवेश परीक्षा) यांचं वजन मोठं राहतं. दुसऱ्या वर्षात केलास तर कॉलेजचा जीपीए बोलतो. शाळेत घसरलेल्यांनी म्हणून एक वर्ष थांबणं फायद्याचं, मी हे आधी ऐकलं असतं तर सहा फिया वाचल्या असत्या. फीवरून आठवलं, यूसीला प्रत्येक कॅम्पसचे ८० डॉलर, इंटरनॅशनल असलं तर ९५, चार कॅम्पस टिकमार्क केले की किती झाले बघ. आणि आर्थिक मदत हवी असेल तर प्रत्येक कॉलेजला वेगळं विचार, कारण फ्रेशमनची ऐपत न बघता घेणारी काही कॉलेजेस ट्रान्सफरची, विशेषतः इंटरनॅशनलची, ऐपत बघतात.

अर्ज गेला. आता देव पाण्यात घालून बसायचे दिवस.

पहिल्या आठवड्यात पोर्टलचं लॉगिन येतं, बरेचदा स्पॅममध्ये. त्यात चेकलिस्ट असते. एखादा कागद 'मिळाला नाही' दिसला तर लगेच घाबरायचं नाही, अपलोड झालेलं तिकडे नोंदवायला वेळ लागतो, पण आठ-दहा दिवसांनीही तसंच दिसत असेल तर मेल कर. यूसीचे निकाल साधारण एप्रिलमध्ये, बऱ्याच प्रायव्हेटचे मेमध्ये, काहींचे जूनपर्यंत रेंगाळतात, आणि यूएससी तर काहींना सरळ स्प्रिंगचे ग्रेड मागून मगच उत्तर देतं. म्हणजे तुझी मैत्रीण इन्स्टावर होकार टाकत असेल आणि तुझं पोर्टल मख्खासारखं बसलेलं असेल, त्याचा अर्थ काहीही नसतो. पोर्टलचा रंग बदलला, फायनान्शियल एडचा टॅब दिसायला लागला, याच्यावरून लोक भविष्य सांगतात, मीही सांगायचे, त्यातलं एकही खरं निघालं नाही.

या काळात करायचं काय तर सध्याचं कॉलेज सोडलंय असं वागायचं नाही, तो दुसरा दगड हाच. फॉलचे कोर्स रजिस्टर कर, वसतिगृहाची जागा धर (डिपॉझिट किती तारखेपर्यंत परत मिळतं ते आधी वाच), समर इंटर्नशिपचा अर्ज कर. आणि स्प्रिंगचे ग्रेड सांभाळ, कारण होकार हा अटीवर असतो, शेवटचा ट्रान्सक्रिप्ट गेल्यावरच पक्का होतो. एखादा कोर्स ड्रॉप करायची वेळ आली तर जिथे जिथे अर्ज आहे तिथे कळवायचं, गुपचूप नाही. काही खरंच नवीन घडलं असेल, संशोधनाचं काम मिळालं, बक्षीस मिळालं, तर एक छोटा अपडेट पाठवायला हरकत नाही. दर आठवड्याला मात्र नको.

वेटलिस्ट आली तर जागा स्वीकारल्याचं पोर्टलवर टिक कर, पत्र घेत असतील तर अर्ध्या पानाचं पाठव, आणि मग ते कॉलेज मनातून काढून टाक. नकार आला तर त्या दिवशी कुणाशी बोलू नकोस, दुसऱ्या दिवशी बोल. मी पहिल्या वर्षी सहाव्या नकारानंतर आईला फोन करून अर्धा तास हवामानावर बोलले होते.

होकार आला की उत्तर द्यायला वेळ कमी असतो, कधी दोनच आठवडे (यूसीची तारीख १ जून), आणि त्या दोन आठवड्यांत विचारायचा सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे माझे किती क्रेडिट धरणार. सही करायच्या आधी लेखी उत्तर मागायचा प्रयत्न कर. त्यासाठी प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवलेला हवा, कारण कोर्सच्या नावावरून त्यांना काही कळत नाही. बऱ्याच ठिकाणी निम्मी डिग्री तरी तिथेच करावी लागते, हार्वर्डला किमान दोन वर्षं, म्हणजे पाचवं वर्ष लागलं तर त्याचा खर्च कोण देणार हा प्रश्न घरी आत्ताच निघालेला बरा.

एफ-१ वर असलेल्यांनी अजून एक. व्हिसा नवीन काढायचा नसतो, तुझा सेविस रेकॉर्ड (सरकारकडची परदेशी विद्यार्थ्याची नोंद) जुन्या कॉलेजकडून नव्याकडे जातो, त्यासाठी डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या कॉलेजच्या अधिकाऱ्याला) प्रवेशपत्र दाखवून रिलीजची तारीख ठरवायची. ती तारीख आली की जुन्या कॅम्पसवरचं काम बंद, म्हणून जुलैपर्यंत लायब्ररीत नोकरी असेल तर आधीची तारीख देऊ नकोस. समरमध्ये भारतात जाऊन येणार असशील तर परत येताना हातात नव्या कॉलेजचा आय-२० (कॉलेज देतं तो व्हिसासाठीचा फॉर्म) हवा, व्हिसाच्या स्टिकरवर जुन्या कॉलेजचं नाव असलं आणि मुदत बाकी असली तर चालतं.

आणि ज्यांनी पत्रं लिहिली त्यांना निकाल कळव. माझं ते राहूनच गेलं होतं, सामान हलवणं, क्रेडिटची भांडणं, सप्टेंबर उजाडला. मग त्या बी प्लसवाल्या बाईंचाच एका ओळीचा मेल आला, 'मग? गेलीस की इथेच आहेस?'