झिजलेला ठसा खरा वाटावा म्हणून

जुन्या ठशासारखी, ओरखडे असलेली जाड स्लॅब सेरिफ (टोकांना जाड चौकोनी पट्ट्या असलेली) अक्षरं पोस्टरवर वापरताना आधी बघा, शब्दात एकच अक्षर दोनदा आलंय का? १९व्या शतकात अमेरिकेत अशी पोस्टरं लाकडी टाइपांनी, म्हणजे अक्षरांच्या सुट्या ठशांनी छापायचे, तेव्हा प्रत्येक टाइप वेगळा झिजायचा. फॉन्टमध्ये मात्र दोन्ही रोमन ‘ओ’वर तोच ओरखडा, त्याच जागी! मग सगळंच खोटं दिसतं. काही फॉन्टमध्ये स्मॉलच्या जागी कॅपिटलचंच वेगळं झिजलेलं रूप असतं, ते घ्या. नसेल तर आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचं साध्या आकारांत रूपांतर करून, एका अक्षरावरचे डाग हलवा. ‘ओ’ तर नुसता उलटा फिरवला तरी भागतं. मजकूर दोन-चार शब्दांचाच हवा. व्हिनाइल कटिंगसाठी (चिकट प्लास्टिक शीटमधून अक्षरं कापायला) मात्र असा फॉन्ट नकोच, बारीक तुकडे सोलताना निघून येतात.