घरच्या कॉम्प्युटरमध्ये नको ते सॉफ्टवेअर शिरलंय, हे कसं ओळखावं?

जुळे सोलापुरातल्या कितीतरी घरांत कॉम्प्युटर एकच असतो. दुपारी त्यावर मुलांचा अभ्यास, संध्याकाळी टॉवेल-चादरींची बिलं आणि जीएसटी, रात्री नेटबँकिंग. त्यामुळे त्यात जाहिरातींचं किंवा हेरगिरीचं सॉफ्टवेअर शिरलं, तर प्रश्न थेट पैशांचा होतो. जाहिरातींचं सॉफ्टवेअर निदान दिसतं तरी. हेरगिरीचं सॉफ्टवेअर, म्हणजे स्पायवेअर, गप्प बसून टाइप केलेलं टिपत राहतं. बऱ्याचदा दोन्ही एकाच वाटेने येतात, म्हणून जाहिराती दिसू लागल्या की लगेच तपासणी करावी.

सुरुवात स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापासून करा. तिथे ‘कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले’ अशी चौकट येते का? घाबरून क्लिक करू नका. चौकटीतली बारीक अक्षरं वाचा. तिथे क्रोमचं नाव आणि एखाद्या अनोळखी वेबसाइटचा पत्ता असेल, तर तो इशारा अँटिव्हायरसचा नाही. घरात कुणीतरी कधीतरी ‘अलाऊ’ दाबलंय, एवढंच. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स उघडा आणि परवानगी मिळालेल्या यादीतून ती साइट काढून टाका. चौकटी तिथल्या तिथे बंद होतात.

पूर्ण स्क्रीनभर इशारा आणि खाली फोन नंबर दिसला, तर ती फसवणूकच समजा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तिथून ब्राउझर बंद करा.

होमपेज आपोआप बदललं किंवा सर्च भलत्याच साइटवर जात असेल, तर ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेली छोटी जादा सॉफ्टवेअर, बघा. आपण न टाकलेलं प्रत्येक एक्स्टेन्शन काढा.

यापुढची पायरी सगळ्यात कामाची, आणि तीच लोक टाळतात. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथे जाऊन यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास कधीपासून सुरू झाला ते आठवा आणि त्याच दिवशी काय काय आलं ते पाहा. फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर घेताना भराभर ‘नेक्स्ट’ दाबलं गेलं, की सोबत ‘ड्रायव्हर अपडेटर’ नाहीतर कुणी न मागितलेला ब्राउझरही येतो. ही मंडळी अनइन्स्टॉल करा. मात्र नाव ओळखीचं नाही म्हणून इंटेल, रियलटेक किंवा व्हिज्युअल सी प्लस प्लस उडवू नका. ती मशीनच्या आणि इतर सॉफ्टवेअरच्या गरजेची असतात.

मग विंडोजच्याच विंडोज सिक्युरिटी ॲपमध्ये ऑफलाइन स्कॅन, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच होणारी तपासणी, लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं लागतात, तेव्हा अर्धवट बिलं आधी सेव्ह करा. तिथेच ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये संशयास्पद ॲप्स अडवणारं रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन चालू ठेवा. विंडोज १० वापरत असाल तर लक्षात घ्या, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

स्पायवेअरची शंका असेल, तर बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदला, पण त्या कॉम्प्युटरवरून नव्हे, मोबाइलवरून. नवा पासवर्ड तिथेच टाइप केला तर तोही टिपला जाईल. खात्यातून पैसे गेले असतील, तर सकाळपर्यंत थांबू नका: बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.