धावत्या गाडीतला प्रसंग, गाडीशिवाय

पडद्यावरचा रेल्वेचा डबा खोटा वाटतो तेव्हा दोष बहुधा सेटचा नसतो. बाहेरची झाडं ताशी शंभरच्या वेगाने पळतात, रुळांचा आवाज तिसाचा असतो आणि माणसं बैलगाडीत बसल्यासारखी उसळतात. लघुपटासाठी घराच्या हॉलमध्ये डबा उभारणार असाल, तर सुताराला बोलावण्याआधी गाडीचा वेग ठरवा. प्रसंगाच्या मथळ्यावरच लिहून ठेवा: ताशी ५० किलोमीटर. म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. पुढचं सगळं गणित या आकड्यावर बसतं.

सेट म्हणून स्लीपरचा एक कप्पा पुरतो. समोरासमोरचे सहा बर्थ आणि पॅसेजपलीकडचे दोन. कप्प्याची लांबी जेमतेम दोन मीटर, डब्याची रुंदी बाहेरून सुमारे सव्वातीन मीटर. फ्रेममध्ये न येणारे बर्थ बांधू नका. खिडकीचे आडवे गज मात्र हवेतच, कारण चेहऱ्यावरून सरकणारी त्यांची सावली अर्धं काम करून जाते.

हेलकाव्यांसाठी कप्पा प्लायच्या भक्कम तळावर उभारा आणि तो तळ मोटारीच्या, हवा थोडी कमी भरलेल्या चार ट्यूबवर ठेवा. एका कडेखाली लांब दांडा तरफेसारखा घालून एकाने तो दाबायचा, सेकंदाला साधारण एकदा. तळ एक-दोन सेंटिमीटर हलला तरी खूप झालं. ठेका अगदी घड्याळासारखा होऊ देऊ नका, मधूनच एखादा आडवा धक्का द्या. सगळे बसल्यावर ट्यूब किती दबतात ते आधी तपासा. कॅमेराही याच तळावर हवा. कॅमेरा वेगळा हलवून भूकंप करणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. खऱ्या गाडीत कॅमेरा डब्याबरोबरच हलतो, त्यामुळे फ्रेममध्ये भिंती स्थिर दिसतात; डुलतात त्या हुकाला टांगलेली पिशवी, बाटलीतलं पाणी आणि माणसांच्या माना.

खिडकीबाहेरचं दृश्य खऱ्या गाडीतून टिपून आणा आणि खिडकीमागच्या मोठ्या टीव्हीवर लावा, किंवा तिथे हिरवा पडदा टांगून संकलनात त्याच्या जागी बसवा. तीन कोनांतून टिपा: सरळ बाहेर, तिरकं पुढे, तिरकं मागे. इथे हमखास घोळ होतो. एकाच खिडकीशी दोघं समोरासमोर बसली आहेत. गाडीच्या उजव्या बाजूच्या खिडकीकडे कॅमेरा असेल तर दोघांच्याही शॉटमध्ये दृश्य पडद्यावर डावीकडून उजवीकडेच सरकलं पाहिजे. फरक खोलीचा असतो: इंजिनाकडे तोंड असलेल्याच्या शॉटमध्ये दृश्य कॅमेऱ्यापासून दूर जातं, पाठ असलेल्याच्या शॉटमध्ये अंगावर येतं. संकलनात एखादा शॉट आरशासारखा उलटवलात की गाडी मागे चालू लागते.

प्रकाश मऊ नको. एकच कडक दिवा तीन-चार मीटरवर ठेवा, नाहीतर सावलीला धार येत नाही. विजेच्या मार्गावर, सरळ रुळांवर ओव्हरहेड वायरचे खांब जास्तीत जास्त ७२ मीटर अंतरावर असतात, वळणावर त्याहून जवळ. ताशी ५० ला म्हणजे सरळ मार्गावर सव्वापाच सेकंदांत निदान एक खांब. दिव्यासमोरून पुठ्ठ्याची पट्टी झटकन फिरवा, सावली पापणी लवण्याइतकीच टिकली पाहिजे.

आवाजावर सगळ्यांत जास्त वेळ घालवा. जुने रूळ १३ मीटरचे तुकडे जोडून टाकलेले असत. डब्याच्या एका टोकाखाली चाकांच्या दोन जोड्या, त्यांच्यात जेमतेम तीन मीटर. म्हणून ताशी ५० ला ‘धड-धड’ असे दोन ठोके एकमेकांपासून ०.२ सेकंदावर पडतात आणि ही जोडी साधारण ०.९ सेकंदाने परत येते. वेग दुप्पट केला तर दोन्ही अंतरं निम्मी करा. नुसता आवाज वाढवून गाडी वेगात वाटत नाही. आजच्या मुख्य मार्गांवर मात्र रूळ वेल्डिंगने लांबच लांब जोडलेले असतात. तिथे अखंड घरघर ऐकू येते आणि खडखडाट येतो तो स्थानकाआधी गाडी रूळ बदलते तेव्हा. आजच्या कथेत सतत ‘धडधड’ घालू नका. ती रूळ बदलण्याच्या क्षणासाठी राखून ठेवा, स्थानक न दाखवताही जवळ आलेलं कळतं. लोखंडी पुलावर आवाज पोकळ होतो. बोगद्यात तो दाटतो, आणि त्याच फ्रेमला उजेड गेला पाहिजे. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त (१९५५) गाडी दिसण्याआधी खांबाची गुणगुण ऐकू येते. ज्यांच्याकडे गाडी दाखवायचं बजेट नाही त्यांनी तो प्रसंग कान देऊन पाहावा.

काळ चुकवू नका. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाला आणि त्याचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, म्हणजे २००५ मधल्या चिपळूणच्या खिडकीवर वायरच्या खांबाची सावली चालणार नाही. मुंबईची पाटी १९९६ आधी व्हीटी, नंतर सीएसटी, २०१७ पासून सीएसएमटी. कोल्हापूरची गाडी १९७१ पर्यंत मीटर गेजवर (दोन रुळांत एक मीटर अंतर) होती, तेव्हा तो डबा अरुंदच बांधा.

खरी गाडी किंवा फलाट हवाच असेल, तर व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते. मध्य रेल्वेसाठी सीएसएमटीला आणि पश्चिम रेल्वेसाठी चर्चगेटला मुख्य जनसंपर्क अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. कोकण रेल्वे हे वेगळं महामंडळ आहे, त्याचं मुख्यालय बेलापूरला. परवानगीविना रुळांवर उतरलात तर रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दारात लटकण्याचा शॉट तर चालत्या गाडीत घेऊच नका. गाडी उभी ठेवा, कलाकाराच्या केसांवर पंखा सोडा आणि दाराबाहेरचं दृश्य नंतर बसवा.