पॅरडाइम समजत नसतील तर आंब्याच्या पेट्या मोजा

प्रोग्रामिंग पॅरडाइमच्या, म्हणजे प्रोग्राम लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींच्या, व्याख्या पाठ करून पेपर सुटतो पण फरक काही कळत नाही, हे मी आमच्या देवगडातल्या पोरांना दरवर्षी सांगते. एकच छोटा हिशोब घ्या आणि तोच परत परत वेगळ्या पद्धतीने लिहा. आमच्या घरून एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या जातात, त्यामुळे माझा हिशोब ठरलेला: डागी पेट्या सोडून बाकीच्यांचे पैसे किती?

आधी साधा लूप. एकूण शून्य धरायचं, एकेक पेटी बघायची, डागी नसेल तर डझन गुणिले दर त्यात मिळवायचं. हे इम्परेटिव्ह. मग ऑब्जेक्ट ओरिएंटेड, म्हणजे पेटीचा क्लास (तिची माहिती आणि तिची कामं एकत्र ठेवणारा साचा) करायचा आणि किंमत काढायचं काम पेटीलाच द्यायचं, नॉर्वेतल्या सिम्युला ६७ ह्या भाषेपासूनची ही पद्धत. तिसरी डिक्लेरेटिव्ह: एसक्यूएल ह्या डेटाबेसच्या भाषेत काय हवं तेवढंच सांगायचं, कसं शोधायचं ते डेटाबेस बघतो. आणि फंक्शनलमध्ये फिल्टर (डागी गाळा), मॅप (प्रत्येकीची किंमत काढा), सम (बेरीज करा), मूळ यादीला हातच लावायचा नाही. ह्याची किंमत मला गेल्या सीझनला कळली, पायथनमध्ये यादीवर थेट सॉर्ट मारला, पेट्यांचा क्रमच बदलला, वहीतले नंबर आणि स्क्रीनवरचे नंबर जुळेनात, रात्री अकरापर्यंत बाबा आणि मी पडवीत कंदील... नाही, मोबाईलच्या उजेडात पेट्या मोजत होतो कारण लाईट पण गेलेली. सॉर्टेड वापरलं असतं तर नवी यादी मिळाली असती, जुनी तशीच राहिली असती.

इथपर्यंत चारही सारखेच वाटतात, म्हणून आता हिशोब बदला. कॅनिंगचा आंबा किलोवर जातो, त्याला ना पेटी ना डझन. लूपवाल्या कोडमध्ये जिथे जिथे किंमत काढलीय तिथे इफ (अट) वाढवायला लागतो आणि एखादा राहतोच. ऑब्जेक्टवाल्यात कॅनिंगचा वेगळा क्लास केला की बाकी कोडला धक्का नाही. पण लगेच दुसरा बदल करा, प्रत्येक मालाची हमाली पण काढा. आता उलटं होतं, प्रत्येक क्लासमध्ये शिरून मेथड (क्लासमधलं काम) टाकायला लागते, फंक्शनलमध्ये मात्र एक नवीन फंक्शन लिहिलं की झालं. ह्या पेचाला संगणकशास्त्रज्ञ फिलिप वॅडलरने १९९८ साली एक्सप्रेशन प्रॉब्लेम असं नाव दिलं.

म्हणून भाषा निवडायच्या आधी विचारा, तुमच्याकडे मालाचे प्रकार वाढणार की त्यावरचे हिशोब? आमच्याकडे प्रकार तीन-चारच, हिशोब मात्र दर सीझनला नवा निघतो, मी फंक्शन्सच लिहिते.