जुन्या फ्रिजमधे बिअर कशी आंबवायची

घरी बिअर करायला लागलात की नवीन भांड्यांवर पैसे घालू नका, आधी एक जुना पण चालू फ्रिज शोधा. इथे अमेरिकेत लोक घर बदलताना फुकटात देऊन टाकतात, फक्त उचलून न्यायचा (उभाच न्या, आडवा करावा लागला तर घरी आणून एक दिवस उभा ठेवा आणि मगच प्लग लावा). माझ्या पहिल्या दोन बॅच उन्हाळ्यात किचनच्या कोपऱ्यात वाया गेल्या, ग्लास तोंडाजवळ नेला की नेलपॉलिश रिमूव्हरसारखा भपकारा. रेसिपी बरोबर होती हो, चुकलं ते तापमान. यीस्ट जोरात असतं तेव्हा स्वतःच उष्णता सोडतं, आतली बिअर बाहेरच्या हवेपेक्षा 3 ते 5 डिग्री गरम होऊ शकते. बिअरचे मुख्य दोन प्रकार, साधारण एल 18-20 सेल्सिअसला आणि लागर 10-13 ला ठेवायची.

फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट एवढ्या वर जातच नाही. म्हणून भिंतीतलं सॉकेट आणि फ्रिजचा प्लग यांच्या मधे बाहेरचा कंट्रोलर (तापमान बघून फ्रिज चालू-बंद करणारी डबी) लावायचा, मी इंकबर्ड आयटीसी-308 वापरतो, त्याला दोन सॉकेट असतात, एकात फ्रिज आणि दुसऱ्यात छोटा हीटर, गॅरेजमधे थंडीत तो लागतोच. वायर कापायची गरज नाही. फ्रिजचा नॉब सगळ्यात थंडवर, कंट्रोलरवर फरक (तापमान किती सरकलं की चालू व्हायचं) 1 डिग्री, कॉम्प्रेसर डिले (बंद झाल्यावर परत चालू होण्याआधीचा थांबा) किमान 3 मिनिटं, नाहीतर तो सारखा चालू-बंद होऊन बिचारा जळेल.

सगळी मेख कंट्रोलरच्या सेन्सरमधे आहे. तो हवेत लोंबकळत सोडू नका, बिअर आंबते त्या पिंपाच्या बाजूला, बिअरच्या पातळीच्या खाली टेपने चिकटवा आणि वरून बबल रॅपची जाड घडी दाबून बसवा, म्हणजे तो फ्रिजची हवा न मोजता बिअर मोजतो.

काचेचे शेल्फ काढून टाका, 19 लिटरचं भरलेलं पिंप 20 किलोच्या वर जातं, खाली प्लायवूड टाका. आणि कृपा करून फ्रिजच्या भिंतीत ड्रिल मारू नका!! चेस्ट फ्रीझरच्या (वरून झाकण उघडणारी आडवी पेटी, काही जण फ्रिजऐवजी तीच वापरतात) भिंतीतून गॅसच्या नळ्या जातात, एक भोक पडलं की फ्रीझर गेला, आणि बऱ्याच नव्या मॉडेलमधला गॅस पेट घेणारा असतो. बिअर ओतायला नळ लावायचेत तर झाकण आणि पेटीच्या मधे लाकडी चौकट बसवा आणि त्यातून भोकं पाडा, उभ्या फ्रिजला दारातून.

आत ओल धरते, बुरशी येते, तेव्हा ओल शोषणारं कॅल्शियम क्लोराईड ठेवा. चेस्ट फ्रीझरमधे बिअर आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, झाकण उघडलं की लगेच डोकं आत घालू नका. घरात लहान मुलं असतील तर कुलूप हवंच, यात हयगय नको.

कायद्याचं म्हणाल तर इथे 1979 पासून फेडरल कायद्याने घरापुरती बिअर केलेली चालते, दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला 200 गॅलन, विकायची नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय करू नका. आमच्याकडे जानेवारीत हाच फ्रिज 30 वर ठेवून इडलीचं पीठ फुगवतो, टम्म येतं.

पहिल्याच दिवशी बिअर ठेवू नका, पिंपात पाणी भरून 24 तास चालवा, मग थर्मामीटर पाण्यात बुडवून बघा आणि फरक आला तर तेवढं कॅलिब्रेशन कंट्रोलरमधे करून घ्या.