२०२१च्या दिवाळीत म्युनिकहून इटलीला जायचंय? आधी परतीचा दिवस ठरवा

ऑक्टोबर २०२१ उजाडला आणि आमच्या म्युनिकच्या मराठी ग्रुपवर रोज तोच प्रश्न यायला लागला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलांना हर्ब्स्टफेरिएनची, म्हणजे शरद ऋतूतली शाळेची, सुट्टी आहे, ४ तारखेला लक्ष्मीपूजन आहे, कोविडमुळे दीड वर्ष घरात कोंडून काढलंय, तर चार दिवस कुठे जाता येईल का? जाता येईल. मी नवऱ्याबरोबर आणि आठ वर्षांच्या लेकीबरोबर उत्तर इटलीतल्या बोल्झानो शहरात जायचं ठरवलंय. ते ठरवताना जे वाचलं, विचारलं आणि पडताळलं ते इथे सविस्तर लिहिते. इथले सगळे नियम ऑक्टोबर २०२१चे आहेत. ते बदलतील, पण आखायची पद्धत तीच राहील.

एरवी आपण आधी ठिकाण ठरवतो, मग तिकीट, मग हॉटेल, आणि परतीचं शेवटी बघतो. सध्या हा क्रम उलटा करा. बाहेर जाणं तसं सोपं आहे, अडकायला होतं ते परत येताना. जर्मनीत कुठला देश किंवा प्रांत ‘उच्च जोखमीचा’ ते सरकार ठरवतं आणि रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूट ही सरकारी आरोग्यसंस्था ती यादी प्रसिद्ध करते. यादी साधारणपणे शुक्रवारी बदलते आणि बदल शनिवारी रात्री बारा वाजता, म्हणजे रविवार सुरू होताच, लागू होतो. तुमचं ठिकाण यादीत आलं तर परतण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. दोन्ही डोस झालेल्या मोठ्यांनी तिथेच सर्टिफिकेट अपलोड केलं की त्यांना क्वारंटाइन नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना मात्र अजून लसच नाही. त्यांना पाच दिवस घरात बसावं लागतं, आणि टेस्ट करून त्यातून लवकर सुटकाही नाही. म्हणजे लेकीची शाळा बुडणार आणि आपल्यापैकी एकाची रजा जाणार.

म्हणून रविवारी परतू नका, शनिवारी परता. सगळी कुटुंबं रविवारी संध्याकाळच्या गाडीने येतात, आम्ही शनिवारी ६ नोव्हेंबरला येतोय. शुक्रवारी ५ तारखेला समजा बोल्झानोचा प्रांत यादीत गेलाच, तरी नियम ७ तारखेपासून लागू होईल आणि तोवर आम्ही घरी पोचलेले असू. त्याच्या आधीचा शुक्रवार, २९ ऑक्टोबर, हाही तितकाच महत्त्वाचा. त्या दिवशी यादीत नाव आलं तर आम्ही निघणारच नाही. सगळा बेत या दोन शुक्रवारांवर उभा आहे. एक दिवस सुट्टी कमी झाली याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

या यादीहून कडक असा दुसरा वर्ग म्हणजे ‘विषाणूच्या नव्या प्रकाराचा प्रदेश’. तिथून आलं की लस घेतलेल्यांनाही साधारण चौदा दिवसांचं क्वारंटाइन. भारत यंदा एप्रिलच्या अखेरीपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत त्यात होता. आपल्यापैकी किती जणांना त्या काळात आई-वडिलांकडे जाता आलं नाही, हे मी वेगळं सांगायला नको. असा निर्णय फार कमी मुदतीत येतो. त्यामुळे लांबचा, दोन-तीन विमानं बदलायचा प्रवास मी सध्या कुणालाच सुचवणार नाही. काही झालं तर एका दिवसात जमिनीवरून घरी परतता येईल, इतक्याच अंतरावर जा.

बोल्झानो त्या हिशेबात बसतं. म्युनिकहून आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीतून थेट रेल्वेगाडी आहे, चार तासांच्या आसपास लागतात, कुठे बदलावं लागत नाही. वाटेत ऑस्ट्रिया लागतो, पण न थांबता पार होणाऱ्याला ऑस्ट्रियाचे प्रवेशाचे नियम लागत नाहीत. इन्सब्रुकला उतरून दोन तास फिरायचा मोह झाला, तर मात्र ते नियम लागू होतात. एक देश आणि एक मुक्काम, एवढंच ठेवा. व्हेरोना, गार्दा तळं, व्हेनिस असं सगळं एका सुट्टीत कोंबलं की प्रत्येक टप्प्यावर नवी गर्दी आणि नवं बुकिंग आलं. गाडीत ऑस्ट्रियाच्या हद्दीत मोठ्यांना एफएफपी-२ मास्कच लागतो, साधा सर्जिकल चालत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना साधा चालतो. डबा नेणार असाल तर आळीपाळीने खा. एकाने मास्क काढून पोळीचा रोल संपवायचा, मग दुसऱ्याने. चौघांनी एकदम मास्क उतरवून अर्धा तास गप्पा मारत जेवणं हा रेल्वेच्या डब्यातल्या बाकीच्यांवर अन्याय आहे.

आता सर्टिफिकेट. १ जुलैपासून युरोपीय संघाचं डिजिटल कोविड सर्टिफिकेट सुरू झालंय. लस, टेस्ट किंवा आजारातून बरं होणं, या तिन्हींपैकी एकाचा क्यूआर कोड. जर्मनीत पिवळं लस-पुस्तक घेऊन मेडिकलच्या दुकानात गेलं की ते कोड काढून देतात आणि तो कोवपास अ‍ॅपमध्ये टाकता येतो. दुसऱ्या डोसनंतर चौदा दिवस पूर्ण व्हावे लागतात. आजारातून बरं झाल्याचं सर्टिफिकेट पहिल्या पॉझिटिव्ह टेस्टपासून १८० दिवसांपर्यंतच चालतं. एप्रिलमध्ये कोविड झालेल्यांनी कॅलेंडर काढून मोजून बघा, कारण त्यांची मुदत नेमकी याच दिवसांत संपते.

नावाकडे विशेष लक्ष द्या. इटलीत हॉटेलचा किंवा म्युझियमचा माणूस व्हेरिफिका-सी-१९ नावाच्या अ‍ॅपने कोड स्कॅन करतो. त्याला पडद्यावर हिरवी किंवा लाल खूण, नाव आणि जन्मतारीख एवढंच दिसतं. मग तो ओळखपत्र मागू शकतो. आपल्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, लग्नाआधीचं आडनाव एखाद्या कागदावर तसंच राहिलेलं असतं, आणि मेडिकलमध्ये घाईघाईत नाव टाइप करणारी मुलगी मधलं नाव गाळते किंवा आडनावाला चिकटवते. कोड हातात पडताच दुकानातच पासपोर्ट शेजारी धरून अक्षर न् अक्षर ताडून बघा. चूक निघाली तर तिथल्या तिथे दुरुस्त होते, ब्रेनरच्या पलीकडे होत नाही. प्रत्येकाच्या कोडची कागदी प्रिंटही बरोबर ठेवा. भारतीय पासपोर्टवाल्यांनी पासपोर्टबरोबर रेसिडेन्स परमिटचं कार्ड न विसरता घ्या. शेंगेनमध्ये सीमा नाहीत असं आपण म्हणतो, पण ब्रेनरच्या मार्गावर गाडीत तपासणी होते.

लेकीचं गणित वेगळं. इटलीत सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशासाठी टेस्ट लागत नाही आणि बाराखालच्यांना म्युझियमसारख्या बंद जागांत जायला ग्रीन पास, म्हणजे हेच कोविड सर्टिफिकेट, लागत नाही. मधल्या वयाच्या, लस न मिळालेल्या मुलांना प्रवेश करताना ४८ तासांच्या आतली निगेटिव्ह टेस्ट हवी. रॅपिड अँटिजेन चालते. शाळेत काडी चोखून होणारी लॉलीपॉपची पीसीआर टेस्ट इथे उपयोगाची नाही, तिचं प्रवासाचं सर्टिफिकेट मिळत नाही. टेस्ट सेंटरवरूनच करून घ्या आणि युरोपीय क्यूआर कोड असलेलंच सर्टिफिकेट मागा. ११ ऑक्टोबरपासून मोठ्यांना जर्मनीत रॅपिड टेस्टचे पैसे पडणार आहेत, पण बारा वर्षांखालच्या मुलांची फुकटच राहणार. आम्ही शनिवारी ३० तारखेला सकाळी निघतोय, त्यामुळे शुक्रवारी दुपारची वेळ घेतलीय. गुरुवारी सकाळीच केली तर ब्रेनरला पोचेपर्यंत ४८ तास उलटतात. सोमवारी १ नोव्हेंबरला बव्हेरियात सुट्टी असते, म्हणून मंगळवारी निघणाऱ्यांनी सोमवारी कुठलं सेंटर उघडं असेल ते आत्ताच बघून ठेवा.

याशिवाय इटलीसाठी पॅसेंजर लोकेटर फॉर्म आहे. मुक्कामाचा पत्ता वगैरे भरला की क्यूआर कोड येतो. ट्रेनने आणि कारने जाणाऱ्यांनाही तो भरावा लागतो, बरेच जण तो विमानापुरताच समजतात.

पोचल्यावर कुठे काय लागतं, ते मला फार समजूतदारपणे आखलेलं वाटतं. ६ ऑगस्टपासून हॉटेलात आत बसून जेवायला आणि म्युझियमला ग्रीन पास लागतो, १ सप्टेंबरपासून लांब पल्ल्याच्या गाड्यांनाही. बाहेरच्या टेबलावर बसलं किंवा काउंटरवर उभ्याने कॉफी घेतली तर लागत नाही. आपलं युरोपीय सर्टिफिकेट म्हणजेच तिथला ग्रीन पास, वेगळं काही काढायचं नाही. तरीही पास आहे म्हणून आत बसायलाच हवं असं नाही. मार्च २०२०मध्ये ऑस्ट्रियातल्या इश्गल या स्कीच्या गावातून विषाणू अर्ध्या युरोपभर गेला. त्याचा फैलाव उघड्या उतारांवर नव्हे, तर संध्याकाळच्या दाटीवाटीच्या बारमध्ये झाला. सुट्टीत कुठे जायचं आणि कुठे नाही, हे मला त्यावरून कळलं.

आमचा दिवस त्यामुळे बहुतेक बाहेर जाईल. बोल्झानो स्टेशनपासून चालत गेलं की रिट्टनची केबल कार मिळते. ती वर सोप्राबोल्झानोला सोडते, तिथून पुढे छोटी जुनी रेल्वे आहे आणि मातीच्या सुळक्यांपर्यंत पायवाट. प्रत्येक सुळक्याच्या डोक्यावर एकेक दगड टोपीसारखा बसलेला असतो, मुलांना ते बघताना वेळ कळत नाही. हा हंगाम भाजलेल्या चेस्टनटचा. रस्त्यावर कागदी पुडीत गरम गरम मिळतात आणि उभ्याने खाता येतात. बंद जागेत एकच गोष्ट करणार आहोत, ओट्झीचं म्युझियम. १९९१मध्ये बर्फात सापडलेला सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस लेकीला बघायचाच आहे. त्यासाठी तिकीट आधीच ऑनलाइन घ्या आणि सकाळी उघडताना जा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुक्कामी असू. चकल्या, लाडू आणि पणत्या घरून नेतोय.

पैशांबद्दल मी कडक आहे. आज एकही बुकिंग असं करू नका, जे रद्द करता येत नाही. राहण्यासाठी स्वयंपाकघर असलेला छोटा फ्लॅट घ्या आणि फुकट रद्द करायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर किंवा त्यानंतरची आहे का, ते बघूनच पैसे भरा. दहा-वीस युरो जास्त गेले तरी चालतील. रेल्वेचं सर्वांत स्वस्त तिकीट सहसा परत होत नाही, म्हणून वरच्या दराचं घ्या. विमानाने जाणाऱ्यांनी एक फरक नीट समजून घ्या. कंपनीने उड्डाण रद्द केलं तर युरोपीय कायद्याने, म्हणजे २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाने, तिकिटाचे पैसे सात दिवसांत परत मिळायला हवेत, आणि तुमची संमती नसेल तर कूपन गळ्यात मारता येत नाही. पण उड्डाण चालू असताना तुम्हीच घाबरून रद्द केलंत तर हा हक्क राहत नाही. म्हणून कंपनी रद्द करणार असं वाटत असेल, तर शेवटच्या दिवसापर्यंत थांबा. २०२०च्या ईस्टरला आमच्या तिकिटांचे पैसे एका कंपनीने कित्येक महिने अडकवून ठेवले होते. या नियमाचा क्रमांक घालून पत्र पाठवलं, तेव्हा सुटले.

विम्याचं थोडक्यात. जर्मन सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डामागे युरोपीय कार्ड असतं, त्यावर इटलीच्या सरकारी दवाखान्यात गरजेचे उपचार होतात. आजारी माणसाला घरी आणायचा खर्च त्यात नाही. त्यासाठी वेगळा परदेश-आरोग्य विमा घ्या, तो वर्षाला फार स्वस्तात मिळतो. प्रवास रद्द करण्याच्या विम्यात मात्र महामारी वगळलीय का, हे बारीक अक्षरांत वाचा.

आणि तिथेच पॉझिटिव्ह आलो तर? हा प्रश्न टाळून बेत करू नका. इटलीत किमान दहा दिवस विलगीकरण आणि मग निगेटिव्ह टेस्ट. मी फ्लॅटच्या मालकीणबाईंना आधीच विचारून ठेवलंय की पुढे राहावं लागलं तर जागा आहे का. त्यांनी लगेच पर्यायी खोली सांगितली. असं विचारल्याने कुणी रागावत नाही, उलट त्यांना बरं वाटतं. दोन आठवड्यांची नेहमीची औषधं, एक लॅपटॉप, थर्मामीटर आणि मूग डाळ-तांदळाची पिशवी एवढं नेतोय. डाळ-तांदूळ असले की तापातल्या माणसाची सोय होते.

पुण्याहून, मुंबईहून नातेवाईक विचारतात की आम्ही युरोपला कधी यायचं. पुण्यातच तयार होणाऱ्या कोविशील्डला युरोपीय औषध संस्थेची मान्यता नाही, त्यांनी मान्य केलीय ती त्याच लसीची युरोपातली आवृत्ती. त्यामुळे प्रत्येक देश आपापला निर्णय घेतो. फ्रान्सने जुलैमध्ये कोविशील्ड स्वीकारली. कोवॅक्सिनवाल्यांनी तूर्त थांबावं. कोविनच्या सर्टिफिकेटला पासपोर्ट क्रमांक आजच जोडून ठेवा आणि तिकिटाआधी व्हिसाची चौकशी करा, पर्यटक व्हिसा सगळीकडे सुरू नाहीत. आमच्या सासूबाईंना मी उन्हाळ्यापर्यंत थांबायला सांगितलंय.

शेवटच्या आठवड्यात बघायच्या जागा दोनच. गुरुवारी युरोपीय रोगनियंत्रण केंद्राचा रंगीत नकाशा, त्यावरून वारा कुठे वाहतोय ते कळतं. शुक्रवारी कॉख इन्स्टिट्यूटची यादी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला स्क्रीनशॉट कितीही खरा वाटला, तरी मूळ पानावरची तारीख बघितल्याशिवाय काही ठरवू नका. कुणाचाही घसा दुखत असेल, टेस्ट निगेटिव्ह असली तरी, जायचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी लेकीचा रिपोर्ट आणि यादी दोन्ही हातात येतील, तेव्हा बॅगा भरायला घेऊ.